तेराव्या पत्त्यावरचा सांगाडा

स्मरणिकेच्या संपादकांनी ‘वैद्यकाबाहेरचे वाचन’ या सदरासाठी लेख मागितला. मी विषय कळविला, तेव्हा दूरध्वनीच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. बेळगावात तीस वर्षे शल्यकर्म करणारा मनुष्य टॅरोच्या पत्त्यांवर लिहिणार, ही बातमी पचावयास थोडा वेळ लागणारच. म्हणून आरंभीच सांगतो की, पत्त्यांवरून भविष्य कळते असे मला वाटत नाही, आणि या लेखाने कोणाला तसे वाटू लागावे अशीही इच्छा नाही. माझी या विषयाशी गाठ पडली ती एका रुग्णामुळे, आणि तीही माझ्या एका चुकीच्या वाटेने.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. वय पंचेचाळीसच्या आसपास, पेशाने शिक्षिका असलेल्या एक बाई स्तनातील गाठ घेऊन आल्या. तपासणीत कर्करोग निघाला. गाठ लहान होती, काखेत काही लागत नव्हते. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. आदल्या दिवशी सायंकाळी त्या पतीसह आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, उद्याचं रद्द करा.” पुण्याच्या भाचीने मोबाइलवर त्यांच्यासाठी टॅरोचे तीन पत्ते काढले होते. मधला पत्ता ‘डेथ’चा, म्हणजे मृत्यूचा निघाला. त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर काळे चिलखत घातलेला एक सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलेला होता.

मी हसलो. “ताई, तुम्ही शाळेत मुलांना विज्ञान शिकवता ना?” असे काहीसे बोललो. त्या नमस्कार करून उठल्या आणि पुढले दहा आठवडे फिरकल्या नाहीत. कोणी फोन केला तर उचलत नसत.

त्या दहा आठवड्यांत मी टॅरोविषयी मिळेल ते वाचले. प्रथम रागाने वाचले, पुढे कुतूहलाने. त्यातून हाती लागले ते येथे मांडतो.

टॅरोचा संच अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा असतो. त्यातील छप्पन्न पत्ते आपल्या इस्पिक-बदामासारखे चार रंगांचे. फक्त ते रंग चषक, नाणी, तलवारी आणि दंड असे आहेत, आणि प्रत्येक रंगात राजा, राणी व गुलाम यांखेरीज एक घोडेस्वार असतो. उरलेले बावीस पत्ते चित्रांचे. त्यांतील एकवीस क्रमांकित असून एक विदूषक आहे. हा संच पंधराव्या शतकात, १४४० च्या सुमारास, उत्तर इटलीत तयार झाला, आणि तो तयार झाला खेळण्यासाठी. चित्रांचे पत्ते म्हणजे कायमचे हुकूम. मोठ्या क्रमांकाचा हुकूम लहान क्रमांकाच्या हुकमाला मारतो. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी १९८० साली या खेळाच्या इतिहासावर एक जाडजूड ग्रंथ लिहून हे निर्विवादपणे दाखवून दिले. फ्रान्स व ऑस्ट्रियात आजही टॅरो हा संध्याकाळी चौघांनी बसून खेळावयाचा खेळ आहे. म्हणजे त्या बाईंना मी “हे खेळायचे पत्ते आहेत” असे म्हटले असते तर ते अक्षरशः खरे ठरले असते, आणि तितकेच निरुपयोगी.

मृत्यूचा क्रमांक तेरा. युरोपात तेरा हा आकडा अशुभ, त्यामुळे ही जागा त्याला शोभते असे कोणी म्हणेल. आपल्याकडे ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण आहेच. परंतु सुतकाच्या घरात तेरावा हा गोडाच्या जेवणाचा, दुःखाची मुदत संपविण्याचा दिवस असतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. मृत्यू हा शेवटचा हुकूम नाही. त्याच्यावर आठ पत्ते आहेत. चौदावा पत्ता संयमाचा. एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतणारी देवदूतासारखी आकृती. ती मृत्यूला मारते. पुढे तारा, चंद्र, सूर्य, अखेरचा न्यायनिवाडा आणि सर्वांवर जग. ज्यांनी हा क्रम लावला ते ख्रिस्ती श्रद्धेचे लोक होते, आणि त्यांच्या लेखी मरण ही मधली पायरी होती. हा अर्थ चित्रात नाही, क्रमात आहे. म्हणून चित्र बदलले तरी तो टिकतो.

चित्र मात्र फार बदलले.

मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा आणि त्याची पत्नी बियांका मारिया व्हिस्कोंती यांच्या घराण्याचा, १४५० च्या सुमाराचा एक संच प्रसिद्ध आहे. त्यातील चौऱ्याहत्तर पत्ते उरले असून ते आज न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोचे कलासंग्रहालय आणि एक खाजगी घराणे यांच्यांत विभागलेले आहेत. चित्रे बोनिफाचो बेंबो या चित्रकाराची मानतात. पार्श्वभूमी सोन्याच्या वर्खाची. त्या सोन्यासमोर एक कृश सांगाडा उभा आहे; हातात धनुष्य आणि बाण, डोक्याला पांढरी पट्टी बांधलेली. शरीररचनाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर हा सांगाडा नव्हेच. हाडांवर कातडे वाळून चिकटलेले प्रेत आहे. वेसेलियसचा शरीररचनेवरील ग्रंथ १५४३ सालचा, म्हणजे या पत्त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आलेला. चित्रकाराने हाडे मोजली नव्हती, त्याने मेलेली माणसे पाहिली होती. १३४८ च्या महामारीनंतर शतकभर प्लेग युरोपात पुन्हापुन्हा येत होता, आणि प्लेगाला बाणाची उपमा देण्याची तिकडे जुनी चाल आहे. दुरून, न कळत, कोणालाही लागणारा. १८९६ नंतर मुंबई इलाख्यात घराघरांतून जे झाले ते ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकले आहे, त्यांना हा बाण वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

त्याच घराण्याच्या दुसऱ्या एका संचात आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील एका जुन्या संचात मृत्यू घोड्यावर आहे. त्याच्या हाती लांब दांड्याचा विळा असतो. उभ्याने गवत कापण्याचा, जो आपल्याकडील शेतकरी वापरत नाही. घोड्याच्या टापांखाली माणसे पडलेली आहेत आणि त्यांत धर्मगुरूही आहेत. त्या काळच्या प्रेक्षकाला यातून मिळणारे समाधान बहुधा हेच असावे की, पोपही सुटला नाही.

पुढे हे पत्ते राजवाड्यातून बाजारात आले. लाकडी ठशांवर छापलेले, साच्यातून रंग भरलेले, स्वस्त. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्समध्ये स्थिरावलेल्या या घडणीला मार्सेय शहराचे नाव पडले. निकोला कोन्व्हेर याचा १७६० चा संच हा तिचा नमुना समजतात. येथे मृत्यू घोड्यावरून उतरला आहे. तो पायी चालत, वाकून, विळ्याने शेत कापतो आहे. जमीन काळी, तिच्यातून हात, पाय आणि दोन मुंडकी उगवल्यासारखी वर आली आहेत, त्यांतील एकावर मुकुट आहे. मधूनमधून रोपांचे कोंबही दिसतात. अनेक छपायांत सांगाड्याचा रंग हाडासारखा पांढरा नसून मांसासारखा गुलाबी आहे. आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, या घडणीच्या बहुतेक संचांत बाकीच्या पत्त्यांखाली नावाची पट्टी असते, पण तेराव्याखाली नसते. विदूषकाला नाव आहे, क्रमांक नाही. मृत्यूला क्रमांक आहे, नाव नाही. फ्रेंच लोक त्याला ‘बिननावाचा पत्ता’ म्हणतात. नाव उच्चारू नये म्हणून घरातील माणसे रोगाला ‘तो आजार’ म्हणतात, हे आपण रोज ऐकतो.

इथवर कोणी या पत्त्यांत गूढ ज्ञान शोधीत नव्हते. १७८१ मध्ये कूर द जेबेलँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या बृहद्ग्रंथाच्या आठव्या खंडात असे जाहीर केले की, टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचे चित्रमय शास्त्र आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी वाचता येणारा एकही मनुष्य युरोपात नव्हता. शाँपोलियोंने ती उलगडली १८२२ मध्ये. तोवर ही कल्पना रुजून गेली होती. आलिएत नावाच्या एका पॅरिसकराने आपले नाव उलटे लिहून ‘एतेइला’ हे टोपण नाव घेतले आणि १७८९ च्या सुमारास केवळ भविष्यासाठी आखलेला संच काढला. त्याने क्रमच मोडला. मृत्यूला सतरावा क्रमांक दिला. मी मघाशी ज्या ‘मधल्या पायरी’चा उल्लेख केला, ती येथे नाहीशी झाली. उरले फक्त सांगाड्याचे चित्र आणि त्याखालचा भयसूचक शब्द.

आता त्या बाईंच्या मोबाइलवरील चित्राकडे येतो. तो संच लंडनच्या रायडर या प्रकाशनाने डिसेंबर १९०९ मध्ये काढला. आर्थर वेट या गूढवादी लेखकाने तो योजिला आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने तो रंगविला. संच पुढे ‘रायडर-वेट’ या नावानेच ओळखला गेला. चित्रे काढणारीचे नाव अलीकडे कोठे त्याला जोडले जाऊ लागले. काम फार मोठे आणि पैसे फार थोडे, असे तिने त्या वर्षी एका पत्रात लिहिले होते. १९५१ साली ती कॉर्नवॉलमध्ये निर्धन स्थितीत वारली. प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात मात्र तिच्या आद्याक्षरांची वेलीसारखी सही आहे.

तिच्या तेराव्या पत्त्यासमोर मी बराच वेळ घालविला आहे. घोडा पांढरा, बायबलाच्या शेवटच्या ग्रंथात मृत्यू फिकट घोड्यावरून येतो, त्याची ही आठवण. स्वाराच्या हातात धनुष्य नाही, विळा नाही. आहे तो काळा ध्वज, त्यावर पाच पाकळ्यांचे पांढरे फूल. शस्त्र नाही याची नोंद खुद्द वेटने केली आहे. घोड्याखाली राजा मरून पडला आहे, मुकुट गळून पडला आहे. सोनेरी वस्त्रांतील एक धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एक तरुणी गुडघ्यांवर बसली असून तिने तोंड फिरविले आहे. तिच्याजवळ एक लहान मूल आहे, आणि या सर्वांत घोड्याकडे न घाबरता पाहणारे तेवढेच एक आहे. मागे नदी, नदीत नाव, आणि क्षितिजावर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य. तो उगवता की मावळता, हे चित्रावरून ठरत नाही. वेट त्याला अमरत्वाचा सूर्य म्हणतो. असेच दोन मनोरे अठराव्या, चंद्राच्या पत्त्यावरही आहेत, तेव्हा ही वाट पुढे कोठे जाते हे स्मिथबाईंनी सुचवून ठेवले आहे असे मानावयास जागा आहे.

आजचे सर्व टॅरोवाले जे सांगतात की, “हा पत्ता मरणाचा नाही, परिवर्तनाचा आहे,” त्याचा उगम मुख्यतः या क्षितिजावरील सूर्यात आहे. मार्सेयच्या पत्त्यात सूर्य नाही. तेथे फार तर काळ्या मातीतील कोंब आहेत. मिलानच्या पत्त्यात तेही नाहीत. आणि गंमत अशी की, वेटने स्वतःच्या पुस्तकात भविष्यासाठी अर्थांची जी यादी दिली, तीत अंत, मर्त्यता आणि विनाश हेच शब्द आधी आहेत. म्हणजे ‘या पत्त्याचा अर्थ मरण कधीच नसतो’ हे वाक्य ज्यांच्या संचावरून बोलले जाते, त्यांनाच ते मान्य नव्हते.

वेट आणि स्मिथ ज्या गूढवादी मंडळाचे सभासद होते, त्याच लंडनच्या मंडळातून अ‍ॅलिस्टर क्रोली आला. त्याच्या योजनेप्रमाणे फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगविलेला ‘थॉथ’ संच दोघांच्याही मृत्यूनंतर, १९६९ मध्ये छापला गेला. येथे सांगाडा नाचतो आहे. डोक्यावर इजिप्तच्या ओसायरिस देवाचा मुकुट आहे, आणि विळ्याच्या फेऱ्यांतून धागे व बुडबुडे निघत आहेत ज्यांत नव्या आकृती उमलतात. विंचू, सर्प, गरुड, मासा अशी प्राण्यांची गर्दी आहे. कापणे आणि विणणे एकाच हाताने. आपल्या वाचकाला तांडवाची आठवण व्हावी. पण तसा संबंध मी जोडणार नाही, कारण क्रोलीचे सारे हिशेब हिब्रू अक्षरे व राशींचे आहेत. फ्रीडाबाई मात्र उतारवयात खरोखरच भारतात आल्या आणि १९६२ साली श्रीनगरात वारल्या.

त्यानंतरच्या संचांची गणना करणे अशक्य आहे. पुण्याशी नाते असलेला ‘ओशो झेन टॅरो’ १९९० च्या दशकातला. मा देवा पद्मा या चित्रकर्तीचा. त्यात तेराव्या पत्त्याचे नावच ‘परिवर्तन’ असे केले असून सांगाडा काढून टाकला आहे. कमळासारख्या विशाल फुलावर बसलेली, तलवार, सर्प आणि तुटलेली साखळी धारण केलेली आकृती तेथे आहे. एका अलीकडील अमेरिकन संचात मृत पक्ष्याचे कलेवर आहे, माणूस नाहीच. मला विचाराल तर नाव बदलणे ही भित्री युक्ती आहे. पत्ता खाली पडावा आणि कोणी दचकूही नये, तर मग तो संचात ठेवावयाचा कशाला?

एकाच जागेवर निरनिराळी चित्रे ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी लागते, आणि तेथील गंजिफा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकात बारा, असे एकशे वीस गोल पत्ते असतात. प्रत्येक रंगाचा राजा म्हणजे एकेक अवतार. ओडिशाच्या गंजपांत नववे स्थान अनेकदा जगन्नाथाला असते. महाराष्ट्रातील जुन्या दशावतार-चित्रांत आणि पंचांगांत त्याच नवव्या जागी बुद्ध म्हणून विठ्ठल उभा दिसतो. जागा तीच, क्रम तोच. मूर्ती ज्या त्या मुलखाची. पुरीचा मनुष्य आणि पंढरीचा मनुष्य एकच डाव खेळू शकतील, पण नववा राजा हातात आला की प्रत्येकाच्या मनात येणारे मात्र एक नसेल.

माझ्या समजुतीप्रमाणे टॅरोतही असेच आहे. क्रमाने आलेला अर्थ जुना आणि चिवट. चित्राने आलेला अर्थ त्या त्या चित्रकाराचा व काळाचा. पुस्तकाने चिकटविलेला अर्थ सर्वांत नवा आणि सर्वांत मोठ्याने बोलणारा. पत्ता ‘वाचणारे’ तिन्हींची सरमिसळ करतात. आणि या तिन्हींच्या खाली पाहणाऱ्याचे स्वतःचे काहीतरी असते, ते कोणत्याच पुस्तकात नसते.

गणिताचे एक वाक्य येथेच सांगून टाकतो, कारण ते रुग्णांना सांगता येते. अठ्ठ्याहत्तरांतून तीन पत्ते काढले तर त्यांत मृत्यू असण्याची शक्यता सव्वीसांत एक. दहा पत्त्यांची मांडणी केली तर आठांत एक. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागातील चाळीस माणसांना दहा-दहा पत्ते काढावयास लावले, तर पाच जणांना तो घोडेस्वार भेटेल.

दहा आठवड्यांनी त्या बाई आल्या. गाठ वाढली होती आणि काखेतील ग्रंथी हाताला लागत होत्या. आता आधी केमोथेरपी द्यावी लागणार होती. सर्व समजावून झाल्यावर, का कोण जाणे, मी खणातून टॅरोचा संच काढला (दरम्यान तो मी विकत घेतला होता) आणि तेरावा पत्ता टेबलावर ठेवला. म्हणालो, “ताई, मागच्या वेळी मी विचारलंच नाही. तुम्हाला यात काय दिसलं होतं?”

मला वाटले, त्या सांगाड्याकडे बोट दाखवतील. त्यांनी लहान मुलावर बोट ठेवले. “हा बघा ना, कसा निवांत बघतोय. माझा भाऊ असाच गेला आत, हसत. बारा वर्षांचा होता. अपेंडिक्स होतं. मी दाराशी होते.”

भूलतज्ज्ञांच्या तपासणी-पत्रकावर ‘घरात कोणाला भुलीचा त्रास’ या रकान्यात त्यांनी ‘नाही’ असे लिहिले होते. घरी लहानपणापासून सांगितले गेले ते एवढेच की, त्याला आत नेल्यावर एकाएकी भयंकर ताप चढला आणि तो गेला. चाळीस वर्षांपूर्वीचा तो ताप त्यांच्या मनात ‘भुलीचा त्रास’ नव्हता, तो दैवाचा घाला होता.

या सभेतील भूलतज्ज्ञ मित्रांना पुढचे सांगावयास नको. मॅलिग्नंट हायपरथर्मिया ही शक्यता कागदावर आली. कुटुंबात तो दोष खरोखर होता की नाही हे आता कळणार नाही, कागदपत्रे नाहीत. केमोथेरपीनंतर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा वायुरूप भूल आणि सक्सिनिलकोलीन दोन्ही टाळून, केवळ शिरेतील औषधांवर भूल देण्यात आली. काही विघ्न आले नाही. उपचार पूर्ण होऊन आता सहा वर्षे झाली आहेत. त्या तपासणीस येतात. ते दहा आठवडे माझ्या हिशेबात आहेत, आणि राहतील.

ही हकिकत मी एका ज्येष्ठ मनोविकारतज्ज्ञ मित्राला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “तू नकळत टी.ए.टी. केलीस.” मरे व मॉर्गन यांची ही चाचणी १९३५ सालची, संदिग्ध चित्र दाखवून त्यावर गोष्ट सांगावयास लावतात. त्याने दुसरीही गोष्ट ऐकविली. ती अशी की, पत्ता पुढे करून मी त्या बाईंच्या भीतीला माझ्या टेबलावर मान्यता दिली, आणि पुढच्या खेपेस त्या माझ्याकडे रोगाऐवजी पत्ता घेऊन आल्या असत्या तर मी काय करणार होतो? याचे उत्तर माझ्याजवळ पूर्ण नाही. त्यानंतर मी रुग्णासमोर तो संच काढलेला नाही. रुग्णच पत्ता, पत्रिका, अंगारा किंवा स्वप्न घेऊन आला, तर मात्र आधी तो कोणता ते विचारतो. पत्ता असेल तर कोणत्या संचातला, हेही विचारतो. घोडेस्वार पाहून घाबरलेले आणि मृत पक्षी पाहून घाबरलेले सारख्याच गोष्टीला घाबरलेले नसतात.

आमच्या भूलतज्ज्ञ मैत्रिणीने तो रकाना बदलला आहे. आता तेथे असे छापलेले आहे: ‘नात्यातील कोणी शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा नंतर लगेच वारले आहे काय? कारण काहीही सांगितलेले असो.’